गिरणी उत्तम चालली असल्यास करावयाचे उपाय

सकाळी शटर वर जाण्याआधीच पायरीवर चार डबे येऊन बसलेले असणे, गिऱ्हाइकाने पाटी न वाचता ‘कोपऱ्यावरची गिरणी’ एवढ्या खुणेवर आपल्यापर्यंत पोहोचणे आणि ही रीत दोन पिढ्या बिनबोभाट चालू राहणे, ही लक्षणे आपल्याला सुखाची वाटत असतील. परंतु जाणकारांच्या भाषेत या अवस्थेला ‘ब्रँड नसणे’ असे म्हणतात, आणि वेळीच इलाज केला नाही तर माणूस आयुष्यभर नुसते दळण दळत राहतो. आपल्या वडिलांचे तसेच झाले. बाजरीवर कोणाचा गहू घालायचा नाही, एकादशीच्या आधी वरई-राजगिरा घेण्यापूर्वी गिरणी झाडून पुसून घ्यायची, थालीपिठाची भाजणी किंचित जाडसर काढायची आणि चकलीची बारीक, पीठ गरम असेल तर ‘घरी जाऊन झाकण उघडे ठेवा’ असे प्रत्येकाला न चुकता सांगायचे, असल्या किरकोळ गोष्टींत त्यांची हयात गेली. यांपैकी एकही गोष्ट लोगोत बसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

आपण ही चूक सुधारावी, म्हणून हे चार शब्द.

प्रारंभ नावापासून करावा. सध्याच्या पाटीवर एखाद्या देवाचे नाव आणि त्यापुढे ‘पिठाची गिरणी’ असे असणार. यात मोठा दोष असा की, आत काय चालते ते पाटी वाचताक्षणी कळते. आधुनिक नावाने उत्सुकता निर्माण करावी लागते. त्यामुळे त्यात ‘स्टोरी’, ‘प्रोजेक्ट’, ‘स्टुडिओ’ किंवा ‘अँड को’ यांपैकी एक तरी शब्द असावा आणि दळण हा शब्द कोठेही नसावा. स्थापनेचे साल वडिलांच्या वेळचे असेल तर ‘सिन्स’ असे लिहून ते मोठ्या अक्षरांत घालावे, मात्र त्या सालापासून चालत आलेले बाकी सर्व काढून टाकावे. नाव ठरले की व्यापारचिन्हाची नोंदणी करावी: पिठासाठी वर्ग ३०, दळून देण्याच्या सेवेसाठी वर्ग ४०, आणि लहान उद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये. जुन्या पाटीवरचे ‘पिठाची गिरणी’ हे शब्द केवळ वर्णनपर असल्याने कायदा ते एकट्या आपल्या मालकीचे करून देणार नाही, आणि जे मालकीचे होत नाही त्याला किंमत काय? नोंदणी होण्यापूर्वी ‘नोंदणीकृत’ अशा अर्थाचा वर्तुळातला ‘आर’ लावणे हा गुन्हा आहे. पण ‘टीएम’ (म्हणजे ‘ट्रेडमार्क’) ही दोन अक्षरे कोणीही लावू शकतो, तेव्हा ती हौसेने लावावीत.

आता पाटी. राज्याच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने लहानांतल्या लहान दुकानालाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली असून मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान असता कामा नयेत असेही त्यात म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. घाबरू नये. कायदा लिपीचा आग्रह धरतो, अर्थाचा नाही, असे समजून चालण्याचा प्रघात आता सर्वत्र पडला आहे. इंग्रजी नाव जसेच्या तसे देवनागरीत उतरवावे. ‘द फ्लोर स्टोरी’ अशी पाटी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणी लाद्यांचा भाव विचारायला आले, तर त्याला परत पाठवू नये. नव्या गिऱ्हाइकवर्गाकडे आपली वाटचाल सुरू झाल्याचे ते चिन्ह आहे.

जुनी पाटी उतरवताना तिच्याकडे फार वेळ पाहू नये, कारण त्याने निश्चय ढळतो. ती पेंटरने हाताने रंगवलेली असेल. खडू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये टिचकी मारली की पत्र्यावर सरळ रेघ उमटते; त्या रेघेवर शिरोरेषा धरून, लांबी मोजून, शेवटचे अक्षर काठाशी दाटणार नाही अशा बेताने त्याने ती अक्षरे सोडली असतील आणि ‘छाया लाल द्यायची की काळी’ एवढा एकच प्रश्न आपल्या वडिलांना विचारला असेल. त्याने ब्रँडचे व्यक्तिमत्त्व विचारले नाही, त्याचा स्वर खेळकर आहे की आश्वासक हेही विचारले नाही. इनॅमल रंगाचा डबा उघडला आणि पाटी अशी केली की रस्त्यापलीकडून चष्मा न लावता वाचता यावी. खाली कोपऱ्यात स्वतःचे नाव बारीक अक्षरात टाकले. अशा माणसाकडे ना सादरीकरण, ना चाळीस पानांची मार्गदर्शिका. त्यामुळे त्याने घेतलेले पैसेही सांगण्यासारखे नव्हते.

त्याऐवजी आपण डिझायनरकडे जावे. तो आपल्याला गव्हाचे कणीस देईल. कणीस वर्तुळात असेल, वर्तुळाचा रंग मातकट असेल, आणि असेच कणीस जवळपासच्या बेकरीच्या, पतसंस्थेच्या व बियाणे विक्रेत्याच्या चिन्हातही असेल, यावरून हे चिन्ह काळाच्या कसोटीला उतरलेले आहे अशी आपली खात्री पटेल. कणसाच्या चहूबाजूंनी किती मोकळी जागा सोडावी याचे नियम तो देईल. ते भिंतीवरच्या ‘डब्यावर नाव लिहावे’, ‘उधारी बंद आहे’ आणि ‘एक किलोच्या आतील दळण घेतले जाणार नाही’ या सूचनांच्या जागी चिकटवावेत. (त्या सूचनांतील मराठी नेमकी, अल्पाक्षरी आणि गैरसमजाला वाव न देणारी होती, असे काही जुन्या मताचे लोक म्हणतील. जाहिरातीच्या व्यवसायात याला ‘कॉपी’ म्हणतात आणि शब्दागणिक पैसे पडतात. आपल्याकडे ती फुकट लिहिली गेली होती, यावरून तिचा दर्जा ओळखावा.)

मराठी अक्षरांबाबत एक इशारा देणे भाग आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केली नाही, तर ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या अलीकडे बसण्याऐवजी पलीकडे जाऊन पडते आणि ‘गिरणी’ची ‘गरिणी’ होते. छापून आल्यावर हे दाखवून दिल्यास ‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ असे उत्तर मिळेल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट कोणालाही वापरता यावेत म्हणून खुले करून ठेवले आहेत. परंतु फुकट आणि बरोबर असलेली वस्तू वापरल्याने व्यवसायाची प्रतिष्ठा उणावते. ‘गरिणी’ हेच नाव पुढे रुळवावे. ते नोंदणीलाही अधिक सोपे जाईल.

पाकिटाचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण यात सरकार फार ढवळाढवळ करते. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा असे २०११ चे वजनमापे नियम सांगतात; अन्नपदार्थ असल्यामुळे चौदा आकडी परवाना क्रमांक येतो आणि चौकोनातला हिरवा ठिपकाही येतो. हा हिरवा रंग मातकट रंगसंगतीत बसत नाही, अशी तक्रार डिझायनर करील. हे सगळे राखाडी कागदावर राखाडी शाईने छापावे आणि दर्शनी भागी आजीचे चित्र घालावे. भाजणीला आजी अनिवार्य आहे. आपली स्वतःची आजी फोटोत रागावलेली दिसत असल्यास चित्रांच्या संकेतस्थळावरून दुसरी घ्यावी, नऊवारी व नथ आहे एवढे पाहावे. मजकुराला जागा करण्यासाठी चित्र उलटे फिरवल्याने नथ उजव्या नाकपुडीत गेली, तर ते दोन-चार बायकांखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही. भाजणी विकत घेणाऱ्या नेमक्या त्याच असतात, हा भाग वेगळा.

यानंतर खरे कार्यक्षेत्र सुरू होते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. तेव्हापासून या देशात रील न करता पीठ दळणारा माणूस संशयास्पद समजला जातो. मोटार चालू असताना गिरणीत बोललेले ऐकू येत नाही, ही अडचण नसून संधी आहे, कारण वर गाणे घालता येते. पीठ पडतानाचे दृश्य संथ गतीने टिपावे. त्यासाठी त्याच पिठाची पुन्हा पुन्हा धार सोडावी लागेल, आणि ते पीठ ज्या बाईंचे आहे त्यांना हे न सांगणे इष्ट.

रोज काहीतरी प्रसिद्ध करावे लागते, आणि पिठाविषयी रोज सांगण्यासारखे काही नसते, म्हणून दिनविशेष हाताशी धरावेत. प्रत्येक सण, जयंती व पुण्यतिथीला एकाच साच्यातले चित्र काढून खाली कणीस चिकटवावे. हे काम एजन्सीकडे सोपवल्यास महिन्याचे तीस साचे आधीच तयार होतात, त्यामुळे पुण्यतिथीलाही ‘हार्दिक शुभेच्छा’ जातात आणि मोहरमलाही जातात. त्यावर लोक खवळून प्रतिक्रिया देतात, आणि महिनाअखेरच्या अहवालात त्या सर्व प्रतिक्रिया ‘एंगेजमेंट’ या मथळ्याखाली जमेला धरल्या जातात. त्या अहवालात ‘इम्प्रेशन’ हाही एक आकडा असतो. आपले चित्र कोणाच्या पडद्यावरून अंगठ्यासरशी वर सरकून गेले, तरी ते एक इम्प्रेशन होते. गिरणीवरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाची नोंद वडिलांनी ठेवली असती तर तेही कोट्यवधी इम्प्रेशनांचे धनी झाले असते. पण ते फक्त आत आलेले डबे मोजत.

थोडे पैसे भरून जाहिरातीचा पल्ला वाढवावा. आपले गिऱ्हाईक हातात डबा घेऊन चालत येते, म्हणजे ते अर्ध्या किलोमीटरच्या आतले असते. जाहिरात मात्र संपूर्ण राज्याला दाखवावी, म्हणजे दूरच्या जिल्ह्यातील एखाद्या सहृदय माणसाने रात्री दोन वाजता आपल्या ज्वारीच्या पिठाला बदाम दिल्याचे समाधान लाभते. तो दळण टाकायला येणार नाही. मात्र ‘दळण किती वाढले’ असा प्रश्न एजन्सीला चुकूनही करू नये, कारण त्यावर ‘जागरूकता’ या विषयावर पाऊण तासाचे व्याख्यान मिळते. गूगलच्या नकाशावर गिरणीची जागा, फोन, वेळ आणि गुरुवारी वीज नसल्याने सुट्टी असते ही गोष्ट बरोबर नोंदवणे, आणि कोणी ‘पीठ छान, मालक हसत नाहीत’ असे लिहून तीन तारे दिले तर त्याला दोन ओळींचे सभ्य उत्तर देणे, एवढ्याने शेजारच्या नव्या सोसायटीतली माणसे आपसूक येऊ लागतात असा अनुभव आहे. परंतु हे काम एका दुपारात होते आणि त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ते कोणी सुचवणार नाही. मीही सुचवत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचे व्यवसायासाठीचे अ‍ॅप २०१८ पासून आहे, आणि त्याच्याशिवाय आपण इतकी वर्षे गिऱ्हाइकांशी थेट बोलत होता, हे आता कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. त्यावर स्वयंचलित स्वागत लावावे. ‘दळण झालं का हो?’ असा संदेश आला की तत्काळ ‘आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत, आमचा कॅटलॉग पाहा’ असे उत्तर जाते. ‘अहो, दळण झालं का?’ असे पुन्हा विचारणाऱ्या काकूंना कॅटलॉगातले सात धान्यांचे मिश्र पीठ दाखवावे. त्या चालत येऊन विचारतील, तेव्हा त्यांना समोर लावलेला क्यूआर कोड दाखवावा. शुभेच्छा आणि सवलती पाठवण्यासाठी प्रसारण यादी करावी. तिच्यात एका वेळी २५६ जण मावतात, मात्र ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला असतो त्यांनाच तो संदेश पोहोचतो, म्हणजे जे मुळातच आपले आहेत त्यांनाच. त्यांना तो रोज पाठवून ते आपलेच राहतात का, याची परीक्षा घ्यावी.

एवढे सारे जमल्यानंतर एकच वैगुण्य उरते, आणि ते दिवाळीच्या तोंडावर ठळकपणे नजरेस येते. वसुबारसेच्या आठवड्यात भाजण्यांची रांग लागते: पोचा आलेला पितळी डबा, कडी तुटलेला अ‍ॅल्युमिनियमचा, रंगाची जुनी बादली, तेलाचा कापलेला पत्र्याचा डबा, कोणावर खडूने आडनाव, कोणावर पट्टी चिकटवून ‘चकली, बारीक’, कोणाच्या झाकणाला सुतळी. फोटोत हे दृश्य फार विजोड दिसते; यात कणीस कोठेही नाही. तेव्हा आपण सर्वांना एकसारखे पांढरे डबे द्यावेत, झाकणावर मधोमध लोगो असलेले, आणि त्याभोवतीची मोकळी जागा नियमाप्रमाणे राखायची असल्यामुळे त्यांवर कोणालाही नाव लिहू देऊ नये. पन्नास पांढरे डबे एका रेषेत उभे राहिल्यावर छायाचित्र अप्रतिम येईल.

संध्याकाळी बायका डबे न्यायला येतील आणि कोणता कोणाचा हे कोणालाच सांगता येणार नाही. अशा वेळी गोंधळून न जाता ‘ओळखा पाहू, तुमचा डबा कोणता?’ अशी थेट प्रक्षेपण स्पर्धा जाहीर करावी, विजेत्यास तिचीच भाजणी बक्षीस द्यावी, आणि मागच्या बाजूने वडिलांना बोलावून आणावे. ते एकेक झाकण उघडतील, चिमूटभर पीठ बोटांत चोळून वास घेतील, आणि धने कोणी जास्त भाजले, उडीद कोणी कमी घातले यावरून डबे ज्याचे त्याला देतील. तेवढा वेळ कॅमेरा बंद ठेवावा.