घोड्याचं बाळंतपण

आम्ही साकोलीकडचे. आमच्याकडे समुद्र नाही, पण गावोगाव तलाव आहेत, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव. मासा म्हटलं की आमच्या घरात डोळ्यांआधी जीभ जागी होते. अशा खानदानाला मी मत्स्यालय दाखवायला नेलं.

भंडारा रोडला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो ते कोल्हापूरला उतरलो. हजारावर किलोमीटर एकाच राज्यात. पुढं एस.टी.नं आंबा घाट. घाटात आजीला तीनदा ओकारी झाली, आणि प्रत्येक वेळी तिनं माझ्याकडेच पाहिलं.

मत्स्यालय म्हणजे किनाऱ्यालगतची एक लांबट अंधारी खोली. दोन्ही अंगांना काचेच्या टाक्या, वर खडखडणारा पंखा, ओल्या गोणपाटाचा वास. पहिल्याच टाकीशी मामाजी थबकले. डोळा बारीक करून म्हणाले, "दोन किलोचा असन."

मी शहाणपणा केला. पाण्यातली वस्तू पाऊण अंतरावर भासते, म्हणून आहे त्याहून मोठी दिसते, असं समजावलं.

"मंग दीड किलो धर," मामाजी म्हणाले. "पण कापून देते का?"

पुढच्या टाकीत एक ईल दगडाच्या कपारीतून तोंड काढून सारखी उघडझाप करत होती. कल्ल्यांवरून पाणी खेळवायला, म्हणजे श्वासासाठीच, तिला तसं करावं लागतं. आजी मात्र पाच मिनिटं कान देऊन उभी. "काही तरी सांगून रायली गा बिचारी. आयकतच नाई कोणी."

तेवढ्यात लाइट गेली. टाक्यांमधले बुडबुडे थांबले. हवेचा पंप बंद पडला की पाण्यातला प्राणवायू घटत जातो, म्हणून राखणदार जनरेटरकडे पळाला. मिट्ट काळोखात आजीचा आवाज आला, "पोहचलो का गा गावाले?" आणि मागून मामाजींचा, अगदी हळू, "मेले त काय करता गा त्याइचं?"

लाइट आली तेव्हा घरातल्या सगळ्या बाया एकाच टाकीला चिकटलेल्या. आत करंगळीएवढे समुद्रघोडे, शेपटीनं गवताला धरून उभे. माझ्या पोरीनं पाटी मोठ्यानं वाचली: मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते, पिल्लांना जन्म नर देतो.

आजीनं पदर तोंडाला लावला. "बाप्पा! बाप बाळंत होते?"

"हाव आजी."

"अन् डिंकाचे लाडू कोण करते?"

पाटीवर ते नव्हतं. किती दिवसांचं असतं, हे तिनं राखणदाराला विचारलं. दोन-चार आठवडे, तो म्हणाला. आजीचा चेहरा पडला. "बसं? नऊ महिने असते त समजलं असतं लेकाच्याले."

बाया अर्धा तास तिथून हलल्या नाहीत. बाहेर अख्खा अरबी समुद्र होता. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मामाजींनी तेवढी बोटीवरच्या माणसाकडे मरळीची चौकशी केली. त्यानं ती गोड्या पाण्यात मिळते म्हणून सांगितल्यावर समुद्र त्यांच्या मनातून साफ उतरला.

परवा जेवताना मी म्हटलं, "पाणी आण." बायको पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "घोडा."

मी उठलो. माठ रिकामा होता.