कार्बोरेटर साफ केल्यावरही ट्रॅक्टर दम सोडतो, या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला. कार्बोरेटर साफ झाला, प्लग आणि एअर फिल्टर नवे बसले, तरी गवत कापताना अर्ध्या तासात लॉन ट्रॅक्टर दम सोडतो, थंड झाला की पुन्हा ओढतो, आणि आम्ही आता टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, त्यात बारीक गॅप ठेवावा लागतो) तपासू म्हणतो, म्हणजे काम लांबवतोय, असं तुम्ही लिहिलंय. हंगामात मशीन अडून बसलं की वैताग येणारच. पण टॅपेटचं नाव का घेतलं ते इथे सविस्तर सांगतो, कारण हीच तक्रार अनेकांची असते.

कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, म्हणजे जेट, तुंबलेलं असलं की इंजिन थंड असल्यापासून त्रास देतं. साफ करण्याआधी तुमचं इंजिन लोड नसतानाही वरखाली होत होतं, ते थांबलं हे तुम्हीही नोंदवलंय. आता ते तापल्यावरच दम सोडतं. हा दुसरा दोष आहे, आणि पहिला असेपर्यंत तो वेगळा दिसत नव्हता.

एक गोष्ट घरीच बघता येईल. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की पेट्रोल खाली जाईल तसा टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पुरवठा हळूहळू आटतो. दम सोडायला लागल्यावर इंजिन बंद करा, झाकण सैल करा. आत हवा खेचल्याचा आवाज आला आणि थंड होऊ न देता लगेच सुरू केल्यावर ते पुन्हा नीट ओढू लागलं, तर झाकण बदला, बाकी काही करू नका. तसं नसेल तर पुढच्या वेळी दम सोडताना चोक अर्धा ओढून बघा. इंजिनने जोर धरला तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, आतून फुगलेला पाइप किंवा पंपाचा पडदा. चोकने काहीच फरक पडला नाही, तर पेट्रोलचा नाद सोडून प्लगचा करंट आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांच्याकडे वळायचं.

तुमच्या बाबतीत टॅपेटवर संशय जास्त आहे. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (तो मिटताना जिथे टेकतो ती जागा) झिजते तसा व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. थंड असताना तो जेमतेम पुरतो. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. इंजिन चालू राहतं, पण पाती जोडली की बसतं. असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्हची कडा जळते, मग नुसत्या सेटिंगने भागत नाही.

गॅप थंड इंजिनवरच मोजायचा. या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांना तो ०.१० ते ०.१५ मि.मी. लागतो, नेमका आकडा त्या इंजिनच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. बरीच गडबड होते ती पिस्टनच्या जागेत. सोपं सुरू व्हावं म्हणून कॅमवर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यावर) कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा असते, ती पिस्टन वरच्या टोकाजवळ असताना एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. म्हणून पुस्तिकेत तसं दिलेलं असेल तर कॉम्प्रेशन स्ट्रोकचं टोक ओलांडून पिस्टन साधारण ६ मि.मी. खाली आणून मग फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालायचा. याच यंत्रणेमुळे साधा कॉम्प्रेशन गेजही फसवतो. त्यापेक्षा प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकणं भरवशाचं. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या तोंडातून जोरात आली तर रिंग किंवा हेड गॅस्केट.

टॅपेटसाठी वरचं कव्हर निघणारच आहे, तेव्हा फॅनचा पत्राही काढू. त्याखाली इंजिन थंड ठेवणाऱ्या फिनांमध्ये गवताचा भुसा घट्ट बसतो, वरची जाळी स्वच्छ दिसली तरी. हवा खेळली नाही की इंजिन जास्त तापतं आणि झिजही वाढते.

प्लगला करंट देणारी कॉइल उरते. ती तापल्यावर आतून तुटते, पण बहुतेकदा इंजिन एकदम बंद पडतं किंवा ठोके चुकवतं. तुम्ही लिहिलंय तसं हळूहळू दम सोडत नाही. तरी गरम असतानाच, दोष चालू असताना, स्पार्क टेस्टर लावून करंट बघू. दहा मिनिटांनी तपासली तर खराब कॉइलही चांगली वाटते.

ट्रॅक्टर आणाल तेव्हा टाकीत आहे तेच पेट्रोल राहू द्या आणि झाकणाची व चोकची चाचणी काय सांगते ते कळवा. आदल्या संध्याकाळी आणून ठेवलात तर सकाळी थंड इंजिनवर मोजमाप करता येईल. त्या वेळी तुम्ही समोर थांबा, गेज कितीला अडकतो ते तुम्हालाही दिसेल. गॅप बरोबर निघाला, तर टॅपेटला हात लावणार नाही आणि इंजिन लोडवर तापवून कॉइल तपासू.