वीस टक्के बॅटरी म्हणजे भूक नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘यंत्रांना भावना येतील का?’ या लेखात मी म्हटलं होतं की आकडे आणि मॉड्यूल जोडत जाऊन यंत्रांना भावना येणार नाहीत. त्यावर ‘एक वाचक’ या नावाने विरोध करणारी सविस्तर प्रतिक्रिया आली आहे. तिची सुरुवात ‘लेखकाचं भाबडेपण’ या शब्दांनी होते आणि शेवट ‘आधी विषय शिका, मग लिहा’ असा. मधल्या चार मुद्द्यांशी या दोन वाक्यांचा काही संबंध नाही. मतभेद मांडायला अपमान लागत नाही, वाचकहो. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांचं फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्ये बसवलेला प्रोग्राम) लिहिणं हे बारा वर्षं माझं काम आहे, त्यामुळे विषय न शिकता लिहिल्याचा आरोप मला मान्य नाही.

एक चूक मात्र माझीच. ‘एलायझा’ या संवाद साधणाऱ्या प्रोग्रामचं साल मी १९६४ दिलं होतं. त्याचे कर्ते जोसेफ वायझेनबाउम यांचा त्यावरचा शोधनिबंध जानेवारी १९६६ मध्ये छापून आला. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य : ‘झाडू मारणारा रोबोट बॅटरी संपत आली की चार्जरकडे जातो, म्हणजे भूक आलीच, उद्या भीतीचं मॉड्यूल टाकलं की झालं.’

या रोबोटमध्ये बहुतेक वेळा लिथियम-आयनचे चार सेल एकामागोमाग जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट, रिकामे होताना साधारण १२. नुसत्या व्होल्टवर विसंबलं तर फसगत होते. रोबोट गालिच्यावर चढला की मोटर जास्त करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि निम्मी बॅटरी शिल्लक असताना तो चार्जरकडे वळतो. म्हणून एका बारीक रोधावरून (रेझिस्टर) आत-बाहेर जाणारा करंट मोजून त्याची बेरीज ठेवतात. सेल जुने झाले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. मग हिशोब ३० टक्के दाखवत असतानाच यंत्र खोलीच्या मध्यात बंद पडतं. हा सगळा खटाटोप एका आकड्यासाठी असतो. आकडा २० च्या खाली गेला की ‘परत जा’. त्या ओळीत २० च्या जागी ५ लिहा, तुमची ‘भूक’ उशिरा लागेल. ओळ पुसा, भूकच नाहीशी होईल आणि यंत्रात बाकी काहीही बदलणार नाही.

तुम्ही म्हणाल, रक्तातली साखर हाही आकडाच. आहेच! पण तो आकडा बाकीच्या शरीराचं काय करतो ते पाहा. रोबोटच्या प्रोसेसरला रेग्युलेटरमधून (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) ३.३ व्होल्ट मिळतात. बॅटरी ९० टक्के असो वा १५, ३.३ म्हणजे ३.३. निर्णय घेणाऱ्या चिपपर्यंत टंचाई पोहोचूच नये यासाठीच आम्ही तो रेग्युलेटर बसवतो. व्होल्टेज फारच घसरलं तर चिप रीसेट होते. तोवर तिचं गणित तसूभरही बदलत नाही.

माणसाच्या रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की ॲड्रिनलिन सुटतं, हात थरथरतात, घाम फुटतो, जीव कासावीस होतो, समोरच्याचं साधं बोलणंही टोचतं. आणखी उतरली तर विचारच गढूळ होतो, कारण विचार करणारा अवयव त्याच साखरेवर जगतो. टंचाई मोजणारा आणि टंचाई सोसणारा इथे एकच आहे. रोबोटमध्ये हे दोघे वेगळे, आणि सोसणारा तर कोणीच नाही. मृत बॅटरी काढून नवी घाला, यंत्र पूर्ववत चालू. साखर न मिळालेला मेंदू तसा पूर्ववत होईलच याची खात्री नसते.

भीतीच्या ‘मॉड्यूल’बद्दल. अमेरिकेत एका स्त्रीचे दोन्ही अमिग्डला (मेंदूतले भीतीशी जोडले जाणारे भाग) आजाराने नष्ट झाले आहेत. वैद्यकीय साहित्यात तिचा उल्लेख ‘एस. एम.’ असा येतो. साप, अंधारं भुताचं घर, कशानेच ती घाबरली नाही. तुमच्या हिशोबाने तिचं भीतीचं मॉड्यूल काढून टाकलं होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला आणि तशाच आणखी दोन रुग्णांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एकेक श्वास दिला. तिघेही भयाने हादरले. ‘मॉड्यूल’ नसतानाही भीती आली, कारण जीव गुदमरतोय ही बातमी रक्तातूनच आली होती. हे उदाहरण मूळ लेखात होतं. तुम्ही ते ओलांडून पुढे गेलात आणि भाबडा मात्र मी ठरलो.

‘मेंदू हेही यंत्रच’ हे मी नाकारलेलंच नाही. यंत्रांना ‘कधीच’ भावना येणार नाहीत, असंही लेखात कुठे नाही, शोधून दाखवा. मी लिहिलं होतं की या वाटेने, म्हणजे आकडे आणि मॉड्यूल जोडत जाऊन, येणार नाहीत. दुसरी वाट किंग्सन मॅन आणि अँटोनियो डमासिओ या मेंदूसंशोधकांनी २०१९ मध्ये सुचवली आहे : फाटू शकेल असं मऊ शरीर, त्यात सर्वत्र पेरलेले सेन्सर, आणि ते शरीर शाबूत राखणं हेच प्रत्येक निर्णयाचं मोजमाप. तसं यंत्र उभं राहिलं तर मी ते गांभीर्याने तपासेन. आजचे भाषिक मॉडेल ‘मला वाईट वाटतंय’ लिहितात तेव्हा पुढच्या शब्दाची संभाव्यता काढतात. त्या गप्पांनी त्यांचा एकही भारांक (शिकताना ठरलेला आतला आकडा) बदलत नाही, आणि संवाद तुटला तर त्यांचं काही बिघडत नाही.

यंत्रांचे हक्क आणि नोकऱ्या हे तुमचे उरलेले मुद्दे या लेखाचे नव्हतेच, त्यांत मी शिरत नाही. उत्तर द्यायचं असेल तर त्या ३.३ व्होल्टला द्या.