मग व्याज कुणाला मिळालं?

परवा संध्याकाळी ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर वाशी गाडीची वाट बघताना एक जुना मित्र भेटला. ब्रिटनने भारताला नुकसानभरपाई द्यावी का, यावर बोलणं आलं. तो म्हणाला, "अरे, आपण उभे आहोत ते स्टेशनही त्यांनीच दिलं ना? आणि वर भरपाई मागतोस?" तेवढ्यात गाडी आली आणि गर्दीत बोलणं तुटलं. घणसोलीला उतरेपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, याचा मलाही अभिमान आहे. पण रूळ टाकले कुणाच्या जिवावर? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी १८४९ मध्ये करार झाला, त्यात भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. जमीन फुकट. कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या आपल्या खापरपणजोबांच्या खिशातून भरायची. व्याज लंडनला आणि जोखीम इथल्या रयतेला. याला 'दिलं' म्हणत नाहीत.

१८३३ साल तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं. त्या वर्षीच्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार बंद केला आणि तिच्या भागधारकांना वर्षाला साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून लावून दिला. पुढे १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेलं, तरी लाभांश चालूच राहिला, थेट १८७४ पर्यंत. त्याच १८३३ मध्ये ब्रिटनने गुलामगिरी बंद करायचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. कुणाला? गुलामांच्या मालकांना! राबणाऱ्यांना एक पेनी नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश खजिन्याने २०१५ मध्ये फेडून संपवलं. हैती या फ्रान्सच्या जुन्या वसाहतीचं तर ऐकवत नाही. स्वतःच्या हिमतीवर गुलामगिरी मोडणाऱ्या त्या देशाकडून फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका उभ्या करून १५ कोटी फ्रँक मागितले, तेही फ्रेंच मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी.

म्हणून "इतकं जुनं कशाला उकरता" हे मला पटत नाही. जो खजिना १८० वर्षं मालकांच्या भरपाईचा हप्ता विसरला नाही, त्याला बाकीचंही आठवायला हवं.

यात मी कोरडा बोलत नाही. आमची भातशेती आणि खाडीकाठचा मिठागराचा तुकडा नवी मुंबई या नव्या शहरासाठी गेला. मिळालेला दर आजोबांना मान्य नव्हता, ते कोर्टात गेले. वाढीव मोबदल्याचा निकाल लागला तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. वारसांत वाटणी होऊन आमच्या वाट्याला आलं ते घराच्या स्लॅबपुरतं. पण वडिलांनी निकाल माझ्याकडून वाचून घेतला, आणि दर अपुरा होता ही ओळ दोनदा. मग म्हणाले, "बापूस खरा बोलत होता." एवढंच. नंतर बराच वेळ ते ओटीवर बसून होते. (घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी 'साडेबारा टक्के योजना'ही कुणी कृपा म्हणून दिली नाही. तिच्यामागे जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरच्या आंदोलनात गेलेले पाच जीव आहेत.)

तेव्हापासून मला वाटतं, रक्कम महत्त्वाची आहेच, पण आधी लेखी कबुली हवी आणि हिशेब हवा. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये ऑक्सफर्डला सुचवलेला वर्षाला एक पौंड, दोनशे वर्षं, मला म्हणूनच पुरेसा वाटत नाही. त्यात मान आहे, हिशेब नाही. केनियात उलट झालं. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावात छळ सोसलेली म्हातारी माणसं लंडनच्या कोर्टात गेली, दडवून ठेवलेल्या सरकारी फायली बाहेर आल्या, आणि २०१३ मध्ये ब्रिटनने पाच हजारांवर लोकांना भरपाई मान्य केली. जर्मनीने आपल्या वसाहतीत केलेल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या नरसंहाराबद्दल २०२१ मध्ये नामिबियाला तीस वर्षांत ११० कोटी युरो देऊ केले, पण 'भरपाई' हा शब्द टाळला. या लोकांच्या अनेक प्रतिनिधींनी तो करार नाकारला, कारण बोलणी त्यांना डावलून झाली होती. आमच्या गावात कुणालाही विचारा, हे दुखणं लगेच कळेल.

मित्र पुढच्या वेळी विचारेल, मग मराठ्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी तिथली गावं लुटली, जाळली. बंगाली आया आजही बाळाला झोपवताना बर्गी आल्याचं गातात, ते बर्गी म्हणजे आपण. ती लूट ज्या दौलतीत गेली ती आता उरली नाही, त्यामुळे पैशाचा दावा कुणावर करणार? पण कबुली द्यायला खजिना लागत नाही. आमच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब राहतं. त्यांच्या आजींपुढे मी हे मान्य केलं. त्यांनी ते गाणं पूर्ण म्हणून दाखवलं, आणि मी ते ऐकून घेतलं.