'४ टनी' टेलिहँडलर कुठेही ४ टन उचलत नाही

'४ टनी टेलिहँडलर घेतला की रफ टेरेन फोर्कलिफ्ट लागतच नाही, बूम कितीही लांबवा, ४ टन उचलतो,' असा मेसेज साइटवाल्यांत फिरतोय. तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतणारा आहे. (टेलिहँडलर म्हणजे पुढे लांबणाऱ्या हाताने, म्हणजे बूमने, भार उचलणारं यंत्र; रफ टेरेन फोर्कलिफ्ट म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी फोर्कलिफ्ट.)

४ टन हा आकडा बूम आत असतानाचा. बूम पुढे सरकला की भार पुढच्या चाकांपासून लांब जातो, मागची चाकं हलकी होतात. पूर्ण लांबीवर क्षमता बऱ्याचदा १ टनाच्याही खाली येते. सिमेंटच्या ५० किलोच्या ४० गोण्या म्हणजे पॅलेट सोडूनच २ टन! आधी केबिनमधला लोड चार्ट (बूम किती लांब असताना किती भार चालतो त्याचा तक्ता) बघा, जमीन समतल आहे ना तेही.

गोण्या ट्रकमधून उतरवून खडबडीत जमिनीवरून नुसत्या हलवायच्या असतील तर फोर्कलिफ्टच बरी. स्लॅबवर आतपर्यंत ठेवायच्या असतील तर टेलिहँडलर.