माणशी वाटा की जोडणीगणिक वाटा? सासवडच्या कट्ट्यावरचा वायफायचा वाद

सासवडच्या बसस्थानकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या आठवड्यात सलग तीन संध्याकाळी एकाच विषयावर वाद झाला: एका लाइनवरचे वायफाय सगळ्या गिऱ्हाइकांत कसे वाटायचे. निमित्त आमच्या झेरॉक्सवाल्या मित्राचे होते. त्याने दुकानात पीएम-वाणी योजनेखाली सार्वजनिक वायफाय सुरू केले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या या योजनेत किराणावाला, चहावाला असा कोणीही ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होऊ शकतो. त्यासाठी त्याला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. ग्राहकाची ओळख पटवणे, हिशेब ठेवणे ही कामे त्याच्या वरची, अशी अनेक दुकाने एकत्र जोडणारी ॲग्रिगेटर कंपनी पाहते. मित्राकडे दहा रुपयांत दिवसभराचा पास मिळतो आणि शेजारच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले हेच त्याचे मुख्य गिऱ्हाईक आहे.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता त्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची ऑनलाइन सराव परीक्षा अडकली. उत्तरे लिहून झाली होती, पण ‘सबमिट’ दाबल्यावर चक्र नुसते फिरत राहिले आणि वेळ संपली. ती दुकानात आली, पण तिने दहा रुपये परत मागितले नाहीत. ‘काका, उद्या चालेल ना?’ एवढेच तिने विचारले. मित्राच्या मनाला ते फार लागले, कारण त्याच वेळी त्याच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट चांगला आकडा दाखवत होती.

‘प्रत्येकाला दोन एमबीपीएसची मर्यादा घालून टाकतो, म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाही,’ असे तो म्हणाला. (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट डेटा जातो, ते माप.) अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंना ते पटले नाही. ‘पहाटे पाच वाजता माझ्याकडे तीनच मुले असतात. तुमची १०० एमबीपीएसची लाइन तेव्हा मोकळी पडलेली असेल आणि तरी माझ्या मुलांनी दोनवरच व्याख्यान उतरवून घेत बसायचे का?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. या सेकंदाला न वापरलेली बँडविड्थ, म्हणजे लाइनची डेटा वाहून नेण्याची क्षमता, पुढच्या सेकंदासाठी साठवता येत नाही. ती धरणातल्या पाण्यासारखी नसते, वाहत्या ओढ्यासारखी असते. कोणी घेतली नाही तर ती निघून जाते. म्हणून कायमची मर्यादा हा लहान जाळ्यावरचा सर्वांत सोपा, पण सर्वांत उधळा उपाय आहे, असे माझे मत आहे. वाटणीचा प्रश्न लाइन भरते तेव्हाच येतो.

ती भरल्यावर वाटणी कशी करायची, यावर मात्र मास्तर पुढे सरसावले. ते आमच्यात वयाने मोठे आहेत आणि १९७२चा दुष्काळ त्यांनी या तालुक्यात पाहिला आहे. ‘अरे, हा प्रश्न आपल्याच तालुक्यात एकदा सुटलेला आहे,’ ते म्हणाले. त्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी देण्याचे ठरले. घरातल्या दर माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याची जमीन मोठी त्याला जास्त पाणी, हा हिशेबच त्यांनी मोडीत काढला.

तुलना ऐकायला दूरची वाटते, पण तांत्रिकदृष्ट्या ती नेमक्या ठिकाणी बसते. साधा राउटर माणसे मोजत नाही. एखादा मुलगा टोरंटवरून, म्हणजे एकच फाइल अनेक संगणकांवरून तुकड्यातुकड्याने, काही उतरवत असेल तर त्याचा लॅपटॉप एकाच वेळी पन्नास-साठ जोडण्या (इंटरनेटवरच्या दुसऱ्या यंत्रांशी स्वतंत्र दुवे) उघडतो, तर परीक्षा देणाऱ्या मुलीच्या मोबाइलच्या दोन-तीनच असतात. जोडणीगणिक समान वाटा द्यायचे ठरवले तरी त्या मुलाला तिच्या वीसपट मिळते, आणि वरून ही वाटणी समान असल्यासारखी दिसते. म्हणजे ज्याची जमीन मोठी त्यालाच पाणी! म्हणून वाटा माणशी हवा. ओपनडब्ल्यूआरटीसारखी मुक्त प्रणाली राउटरवर घातली, तर तिच्यातली ‘केक’ ही रांग-पद्धत आधी यंत्रांमध्ये समान वाटणी करते आणि मग प्रत्येक यंत्राच्या वाट्यात त्याच्या जोडण्या बसवते. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये ‘पीसीक्यू’ने हेच साधता येते. आता यंत्र म्हणजे माणूस नव्हे, ही अडचण उरतेच. एकाच पासवर मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही चालतात आणि आजकालचे मोबाइल आपला मॅक पत्ताही (राउटर ज्यावरून यंत्र ओळखतो तो क्रमांक) बदलत राहतात. म्हणून मोजणी यंत्राची न करता पासची करावी, हे आमच्यात फारसा वाद न होता ठरले.

तरीही मुलीची परीक्षा का अडकली याचे उत्तर एवढ्याने मिळत नव्हते. मंगळवारी आम्ही दुकानात बसून पाहिले. सातच्या सुमारास पाच-सहा मोबाइल खिशात पडल्या पडल्या दिवसभराचे फोटो आपोआप वर चढवत होते. लाइनचा अपलोड २० एमबीपीएसच आहे. तो भरला की मोडेमच्या पोटात पाकिटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, लांब रांग साचते आणि ‘सबमिट’चे एवढेसे पाकीट त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहते. वेग आहे, पण वाट पाहणे संपत नाही. यालाच बफरब्लोट म्हणतात. यावर उपाय असा की राउटरमध्येच लाइनच्या क्षमतेच्या नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर बांध घालायचा, म्हणजे रांग परक्या मोडेमऐवजी आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे ‘एफक्यू-कोडेल’ ही दुसरी रांग-पद्धत किंवा ‘केक’ छोट्या, विरळ पाकिटांना लगेच वाट करून देते. बांध घातल्यावर आम्ही तेच फोटो चालू ठेवून ताईंच्या मोबाइलवर सराव परीक्षेचे पान उघडले. उत्तर दाबताच पुढचा प्रश्न आला. मित्र बराच वेळ काही बोललाच नाही.

आमच्यातल्या वकिलाने पुढचा प्रश्न काढला. मित्राला वाटत होते की क्रिकेट आणि रील्स बंद करून फक्त अभ्यासाच्या साइट सुरू ठेवाव्यात. मास्तरांचाही त्याला दुजोरा होता, कारण पाणी पंचायतीने उसाला पाणी नाकारले होते. ‘मास्तर, ऊस शेतात दिसतो, पण गिऱ्हाईक काय पाहते ते तुम्ही पाहायचे नसते,’ वकील म्हणाला. मजकूर पाहून डेटाचा वेगवेगळा दर लावायला ट्राय या दूरसंचार नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी बंदी घातली, आणि २०१८ पासून परवानाधारक इंटरनेट कंपन्यांनाही मजकुरावरून वेग कमी-जास्त करता येत नाही; वाजवी वाहतूक-व्यवस्थापनाला मात्र मुभा आहे. शिवाय आज जवळजवळ सगळी वाहतूक कूटबद्ध असते, त्यामुळे दुकानातल्या राउटरला अभ्यास कोणता आणि करमणूक कोणती हे खात्रीने ओळखताही येणार नाही. इथे मी पूर्णपणे वकिलाच्या बाजूचा आहे. दहा रुपये दिलेल्या माणसाने आपल्या वाट्याचे काय करावे, हा त्याचा प्रश्न आहे. प्रत्येकाला फक्त आपला वाटा मिळत असेल, तर दुसऱ्याच्या रील्सने परीक्षेचे काही बिघडत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी सर्वांत अवघड प्रश्न निघाला, आणि तो तारेतला नव्हता, हवेतला होता. अभ्यासिकेच्या मागच्या जिन्यावर एक मुलगा जुना मोबाइल घेऊन बसतो, कारण आत जागा नसते. दोन भिंती ओलांडून त्याची जोडणी कशीबशी एक एमबीपीएसवर लागते. दिवे घाटात भरलेला ट्रक पुढे असला की मागच्या सगळ्या गाड्या त्याच्याच चालीने चढतात, तसेच इथे होते. साध्या वायफायमध्ये प्रत्येकाला पाळीने एकेक पाकीट पाठवता येते. ५४ एमबीपीएसच्या लॅपटॉपला जेवढ्या पाकिटाला एक क्षण लागतो, तेवढ्याच पाकिटाला या मोबाइलला चौपन्न क्षण लागतात. दोघेच असले तर आदर्श हिशेबानेसुद्धा दोघांच्याही पदरी एक एमबीपीएसहून किंचित कमी पडते.

पाकिटांऐवजी हवेतला वेळ समान वाटला, तर लॅपटॉपला २७ मिळतात आणि जिन्यावरच्या मुलाला अर्धा. बेरीज प्रचंड वाढते. मित्र म्हणाला, ‘मग तेच करू.’ ताई म्हणाल्या, ‘म्हणजे ज्याच्याकडे जुना मोबाइल आहे आणि ज्याला बसायला जागा नाही, त्याचाच वाटा निम्मा करायचा?’ कट्टा गप्प झाला. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. एका संथ जोडणीसाठी चाळीस जणांना थांबवणे न्याय्य नाही, म्हणून वेळेची समान वाटणी करावीच लागेल. पण ती करून त्या मुलाला विसरून जाणे हेही माझ्या मनाला पटत नाही. त्याचा दोष एवढाच की तो लांब बसला आहे, आणि अंतर कमी करणे विक्रेत्याच्या हातात आहे.

जादा पैसे घेऊन वीस रुपयांचा वेगवान पास काढण्याची कल्पना मात्र लवकर मागे पडली. पंचवीस जणांनी तो घेतला की वेगवान असे काही उरत नाही आणि दहावाल्यांचा वाटा मात्र जातो. वेगाऐवजी मुदत विकावी, महिन्याचा पास काढावा, असे ठरले.

शेवटी पाटीवर काय लिहायचे यावर बोलणे आले. सध्या तिथे ‘१०० एमबीपीएस वायफाय’ असे लिहिले आहे. ९५ चा बांध आणि चाळीस माणसे धरली तर गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला दोनहून थोडे जास्त येतात; व्याख्यानाच्या ४८०पी व्हिडिओला ते पुरतात आणि फोन कॉलला तर दशांश एमबीपीएसही पुष्कळ होतो. ‘गर्दीच्या वेळी दर पासला दोन एमबीपीएस, चाळीस पास झाले की विक्री थांबेल’ असे लिहावे, असा वकिलाचा आग्रह होता. ‘एवढे खरे लिहिले तर कोण घेईल?’ असे मित्राने विचारले, तेव्हा ताईंनी ‘माझी मुले घेतील’ असे सांगितले. नव्या पाटीचा मजकूर अजून पक्का झालेला नाही. जिन्याजवळ दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय फेकणारा डबा) लावण्यासाठी तार कुठून न्यायची, हे पाहायला मित्र आणि मास्तर रविवारी सकाळी टेप घेऊन तिथे जाणार आहेत.