सपाटच आहे गं, आई!

"सपाटच आहे गं, आई," असं चिरंजीव म्हणाले म्हणून मी आयर्लंडातल्या कोव्हला निघाले. पाटीवर वाचावं तर कोभ, म्हणायचं मात्र 'कोव्ह'. गावाने पहिला चकवा इथेच दिला.

कॉर्कहून निघालेली लोकल थेट समुद्राशी सोडते. तिथवर सपाट, खोटं कशाला बोलू? धक्क्यावर अ‍ॅनी मूरचा पुतळा आहे, शेजारी तिचे दोन भाऊ. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस आयलंडच्या दारातून अमेरिकेत गेलेली ही पहिलीच पोरगी. हिने गाव का सोडलं, ते मला तासाभरात कळलं.

कारण बाकीचं गाव वर आहे. सेंट कोलमन कॅथीड्रल तर पार माथ्यावर. १८६८ साली बांधायला घेतलं, ते पुरं व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. ह्यांना त्याचं नवल वाटलं, मला नाही. दगड याच चढावरून नेले असणार! चढावर एकाला एक लागून रंगीत घरं आहेत, त्यांना म्हणतात पत्त्यांचा कॅट. खालचं पडलं तर वरची सगळी कोसळतील म्हणे. मी दम खायला नेमकी खालच्या घराला टेकले, तर ह्यांनी मला घाईघाईने बाजूला घेतलं.

वर पाऊस. आमच्या रत्नागिरीचा निदान वरून पडतो, हा आडवा येऊन छत्रीच्या आत शिरतो.

टायटॅनिकचा शेवटचा थांबा हाच, ११ एप्रिल १९१२. बोट बंदराच्या तोंडाशी उभी राहिली आणि इथल्या १२३ जणांना छोट्या बोटींतून तिच्यापर्यंत पोचवलं. पुढचं जाऊ द्या, पण चढ तरी चढायला लावला नाही कुणी.

दुसऱ्या दिवशी ब्लार्नीचा किल्ला. "बागच आहे गं, सपाट." बाग साठ एकरांची! किल्ल्यात अंग चोरून चढायचा गोल जिना, शंभरावर पायऱ्या. माथ्यावर उताणं पडायचं, लोखंडी गज धरायचे, डोकं खाली सोडायचं आणि भिंतीतल्या दगडाचा पापा घ्यायचा. मग म्हणे जिभेवर साखर येते, समोरच्याला काहीही पटवता येतं.

"मी आल्या वर्षीच घेतलाय," चिरंजीव म्हणाले.

सगळा उलगडा झाला. मी खाली बाकावर बसून राहिले. हे मात्र हौसेने वर गेले आणि तासाभराने कपडे झटकत उतरले.

"चल, बसस्टॉप इथेच आहे. अगदी सपाट रस्ता."

आणि मी चक्क उठले.